एक बाळ, दोन नोंदी

समजा, केनियातल्या एका दुर्गम खेड्यात सकाळी एक आरोग्य स्वयंसेविका घरभेटीला गेली आहे. चौदा महिन्यांच्या बाळाची आई बोलता बोलता सांगते, की मागे एकदा पेनिसिलिन दिल्यावर बाळाच्या अंगभर गांधी उठल्या होत्या आणि ओठ सुजले होते. स्वयंसेविका फोनवर बाळाची नोंद उघडते, ‘औषधांची ॲलर्जी’ हा रिकामा रकाना भरते आणि सेव्ह करते. गावात रेंज नाही. पण ॲप नेटशिवाय चालते, त्यामुळे नोंद फोनमध्येच राहते. त्याच दुपारी काही किलोमीटरवरच्या आरोग्य केंद्रात नर्स आपल्या टॅबवर त्याच बाळाची नोंद उघडते. नावाचे स्पेलिंग चुकलेले असते, ते दुरुस्त करून ती सेव्ह करते. मग आईचा फोन नंबर बदलते, पुन्हा सेव्ह. मग गावाचे नाव नीट लिहिते, पुन्हा सेव्ह. तिथेही सकाळपासून नेट बंदच आहे.

संध्याकाळी दोन्ही यंत्रांना नेट मिळते आणि दोन्ही आपापली नोंद सर्व्हरकडे पाठवतात. आता त्या बाळाच्या एकाच नोंदीच्या दोन आवृत्त्या आहेत. एकीत ॲलर्जी आहे पण फोन नंबर जुना आहे. दुसरीत नंबर नवा आहे पण ॲलर्जीचा रकाना रिकामा आहे. खोटे कोणीच लिहिलेले नाही. उद्या बाळाला ताप आला आणि तिसऱ्याच कोणी नोंद उघडली, तर पडद्यावर काय दिसेल?

हे बाळ कल्पनेतले असले, तरी परिस्थिती कल्पनेतली नाही. केनिया सरकारने २०२३ मध्ये सुमारे १ लाख सामुदायिक आरोग्य कार्यकर्त्यांना स्मार्टफोनसह कामाचे साहित्य दिले. त्या फोनवरची यंत्रणा ‘कम्युनिटी हेल्थ टूलकिट’ या मुक्त सॉफ्टवेअरवर उभी आहे. युगांडा आणि नेपाळमध्येही ते वापरले गेले आहे. त्याच्या सर्व्हरवर ‘काउचडीबी’ नावाचा डेटाबेस असतो आणि फोनमध्ये त्याचेच धाकटे भावंड, ‘पाउचडीबी’. रेंज असो वा नसो, काम थांबू नये, हा या जोडीचा मुख्य उद्देश. त्याची किंमत म्हणजे वर सांगितलेला पेच. संगणकशास्त्रात त्याला ‘कॉन्फ्लिक्ट’ म्हणतात. मराठीत सरळ तंटा म्हणावे.

तंटा होऊच द्यायचा नसेल तर त्याचा मार्ग जुना आणि सर्वांच्या ओळखीचा आहे. रेल्वेच्या आरक्षणात एक बर्थ एकाच वेळी दोघांना मिळत नाही, कारण शेवटचा शब्द एका मध्यवर्ती नोंदीचा असतो आणि एकाचा व्यवहार पुरा होईपर्यंत दुसऱ्याला थांबावे लागते. पण मध्यवर्ती यंत्रणेशी संपर्कच नसेल तर खिडकी बंद. अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ एरिक ब्रुअर यांनी २००० मध्ये हा पेच एका सूत्रात मांडला आणि सेथ गिल्बर्ट व नॅन्सी लिंच यांनी २००२ मध्ये त्याला गणिती सिद्धता दिली. यंत्रांमधला संपर्क तुटला, तर दोनपैकी एकच गोष्ट राखता येते. एक तर सगळीकडे एकच उत्तर मिळेल, पण काहींना थांबावे लागेल. नाही तर सगळ्यांचे काम चालू राहील, पण उत्तरे काही काळ वेगवेगळी असतील. बर्थच्या बाबतीत थांबणे परवडते. तीन टेकड्या ओलांडून एखाद्या घरी पोहोचलेल्या स्वयंसेविकेला ‘नेट आल्यावर लिहा’ म्हणणे परवडत नाही. संध्याकाळपर्यंत निम्मे विसरले जाते.

म्हणजे तंटा होणार हे मान्य करायचे. मग तो सोडवायचा कसा? बहुतेकांना पहिल्यांदा सुचते ते म्हणजे ज्याने शेवटी लिहिले, त्याचे खरे. काही मोठे डेटाबेस खरोखरच हा नियम पाळतात. पण ‘शेवटी’ कोणाच्या घड्याळाने? फोनचे घड्याळ मागे-पुढे असू शकते, कोणी तारीख हाताने बदललेली असते, बॅटरी पूर्ण उतरून फोन सुरू झाल्यावर तो भलत्याच वर्षात असू शकतो. ज्या फोनचे घड्याळ एक दिवस पुढे आहे, तो दिवसभर प्रत्येक तंटा जिंकेल. आणि या नियमात हरलेली नोंद पुसली जाते, तीही कोणाला न सांगता.

लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्ये लिहिलेल्या एका निबंधाने या विषयाचा पाया घातला. विखुरलेल्या यंत्रांमध्ये ‘कोणाचे आधी, कोणाचे नंतर’ हे प्रत्येक वेळी ठरवता येतेच असे नाही, हे त्यांनी दाखवले. ही दृष्टी त्यांना आइन्स्टाइनच्या विशेष सापेक्षता सिद्धान्तावरून मिळाली. एका घटनेची खबर दुसरीपर्यंत पोहोचली असेल, तरच पहिली घटना दुसरीच्या आधीची म्हणता येते. खबर पोहोचलीच नसेल, तर त्या दोन घटना ‘समकालीन’; मग भिंतीवरच्या घड्याळात त्यांच्यात पाच तासांचे अंतर का असेना. आपल्या गोष्टीतली नर्स दुपारी लिहीत होती आणि स्वयंसेविका सकाळी. पण नर्सला सकाळच्या नोंदीची खबरच नव्हती. म्हणून नर्सची नोंद स्वयंसेविकेच्या ‘नंतरची’ नाही. ती शेजारची आहे.

काउचडीबी नेमके हेच गृहीत धरतो. तो डेमियन कॅट्झ या प्रोग्रॅमरने २००५ मध्ये लिहायला घेतला. कॅट्झ यांनी त्याआधी ‘लोटस नोट्स’ या कार्यालयीन सॉफ्टवेअरवर काम केले होते. १९८९ मध्ये बाजारात आलेल्या नोट्समध्ये प्रत्येकाच्या संगणकावर कागदपत्रांची आपली प्रत असे आणि या प्रती अधूनमधून एकमेकींशी जुळवल्या जात. दोघांनी एकच कागद बदलला असेल, तर नोट्स दोन्ही ठेवून एकावर तंट्याची चिठ्ठी लावून देई. ज्यांनी त्या काळात नोट्स वापरले त्यांना ती चिठ्ठी अजून आठवत असेल, बहुधा वैतागाने. त्यामागचा विचार मात्र प्रामाणिक होता: यंत्राला कळत नसेल तर यंत्राने ठरवू नये. कॅट्झ यांनी तो विचार उचलला. २००८ मध्ये काउचडीबी हा अपाची फाउंडेशनचा स्वतंत्र प्रकल्प झाला.

त्याची रचना समजायला सोपी आहे. प्रत्येक नोंदीला एक कायमचा ओळखक्रमांक असतो आणि प्रत्येक बदलाला एक आवृत्तीक्रमांक. आवृत्तीक्रमांकाचे दोन भाग. पहिला साधा आकडा, म्हणजे ही कितवी पिढी. दुसरा ३२ अक्षर-अंकांची एक माळ. ती नोंदीच्या मजकुरावरून गणिताने काढलेली असते, बोटाच्या ठशासारखी. नोंद बदलायची असेल तर ‘मी अमुक आवृत्ती पाहून हा बदल करतो आहे’ असे सांगावे लागते. दरम्यान त्याच सर्व्हरवर दुसऱ्या कोणी बदल केला असेल, तर डेटाबेस नवा बदल नाकारतो: आधी ताजी नोंद वाचा, मग लिहा. एका यंत्रापुरता तंटा इथेच मिटतो.

दोन यंत्रे वेगवेगळी चालत असताना हे शक्य नसते. त्यांच्या प्रती जुळवताना डेटाबेस काहीच नाकारत नाही. जिथून वाटा फुटल्या तिथे तो झाडासारख्या दोन फांद्या ठेवतो. आपल्या बाळाची नोंद दोघींनी उघडली तेव्हा ती चौथ्या पिढीत होती असे धरू. स्वयंसेविकेने एकदा सेव्ह केले, तिची फांदी पाचव्या पिढीला थांबली. नर्सने तीनदा सेव्ह केले, तिची फांदी सातव्या पिढीपर्यंत गेली. सर्व्हरवर आता दोन्ही फांद्यांची टोके जिवंत आहेत.

पण ‘हे बाळ दाखव’ असे कोणी विचारले, तर पडद्यावर एकच काहीतरी दाखवावे लागते. म्हणून एक विजेता ठरतो. नियम असा: खोडलेल्या टोकापेक्षा न खोडलेले टोक वरचढ. दोन्ही न खोडलेली असतील, तर जिची वंशावळ लांब ती फांदी वरचढ. पिढ्याही सारख्या असतील, तर ती अक्षर-अंकांची माळ वर्णक्रमाने लावायची आणि जी शेवटी येईल ती वरचढ. घड्याळाचा कुठेच संबंध नाही. या नियमाची गंमत अशी, की जगभरच्या शंभर यंत्रांवर त्याच फांद्या पोहोचल्या, तर शंभरही यंत्रे एकमेकांना न विचारता तोच विजेता निवडतात. सगळ्यांना एकच चित्र दिसते, पंचाची गरज पडत नाही. अभियांत्रिकी म्हणून हे सुंदर आहे.

वैद्यक म्हणून मात्र ते धोक्याचे आहे. विजेता ‘बरोबर’ असतो असे हा नियम कुठेच म्हणत नाही. तो फक्त ‘सगळीकडे एकच’ असतो. आपल्या गोष्टीत विजेती कोण? नर्स. कारण तिने सेव्हचे बटण तीनदा दाबले. स्पेलिंग, फोन नंबर आणि गावाचे नाव यांनी मिळून पेनिसिलिनच्या ॲलर्जीला हरवले. हरलेली नोंद नष्ट झालेली नाही, ती सर्व्हरवर आहे, तिची प्रत इतर यंत्रांवरही जाते. पण कोणी मुद्दाम ‘या नोंदीत तंटा आहे का?’ असे विचारल्याशिवाय डेटाबेस स्वतःहून सांगत नाही. नेहमीच्या विनंतीला तो विजेती नोंद देतो, शांतपणे, जणू तंटा झालाच नाही. हा प्रश्न विचारायचा असतो हे ज्या प्रोग्रॅमरला माहीत नाही, त्याच्या ॲपमध्ये असे तंटे वर्षानुवर्षे साठत राहतात. डेटा हरवलेला नसतो. तो कोणाला दिसत नसतो, आणि रुग्णाच्या दृष्टीने या दोन्हींत फारसा फरक नाही.

म्हणजे खरे काम विजेता ठरल्यानंतर सुरू होते, आणि ते डेटाबेसचे नाही. ॲप लिहिणाऱ्याला प्रत्येक रकान्यासाठी ठरवावे लागते, की दोन उत्तरे आली तर काय करायचे. वजनाच्या नोंदींचे सोपे आहे. दोन वेगळ्या दिवशीची दोन वजने म्हणजे तंटाच नव्हे, दोन्ही तक्त्यात घालायची. ॲलर्जीचेही तसे सोपे: एका फांदीत पेनिसिलिन असेल, दुसरीत आणखी काही, तर दोन्ही मिळवून घ्यायची. जादा सावधगिरीने सहसा बिघडत नाही.

पण हाच ‘दोन्ही मिळवा’ नियम चालू औषधांच्या यादीला लावला तर पंचाईत होते. याचा प्रसिद्ध दाखला दुकानदारीतला आहे. अमेझॉनच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये आपल्या ‘डायनॅमो’ या यंत्रणेचे वर्णन प्रसिद्ध केले. खरेदीच्या टोपलीच्या दोन आवृत्त्या झाल्या तर ते त्या एकत्र मिळवत, कारण ग्राहकाने घातलेली वस्तू गहाळ होता कामा नये. त्याचा परिणामही त्यांनी मोकळेपणाने लिहिला: ग्राहकाने काढून टाकलेली वस्तू कधीकधी टोपलीत परत येते. टोपलीत नको असलेला साबण परत आला तर ग्राहक तो पुन्हा काढतो. डॉक्टरांनी बंद केलेली रक्त पातळ करणारी गोळी यादीत परत आली तर? ‘नाही’ ही माहिती ‘आहे’ या माहितीइतकीच जपावी लागते. म्हणून चांगल्या यंत्रणेत औषध यादीतून पुसत नाहीत. ‘अमुक तारखेला, अमुक कारणाने बंद’ अशी नवी नोंद करतात.

रिकाम्या रकान्याचे दुखणेही याच जातीचे आहे. नर्सच्या फांदीत ॲलर्जीचा रकाना रिकामा आहे. तिने ॲलर्जी तपासून खोडली, की तिला तो रकाना कधी भरलेला दिसलाच नाही? दोन टोके शेजारी ठेवून हे कळत नाही. त्यासाठी वाटा फुटण्याआधीची चौथ्या पिढीची नोंद पाहावी लागते. तिथेही रकाना रिकामा असेल, तर नर्सने काही पुसलेले नाही, स्वयंसेविकेने भर घातली आहे, भर ठेवायची. तिन्ही शेजारी ठेवले की अर्धे तंटे आपोआप सुटतात, कारण दोघींनी वेगवेगळ्या रकान्यांना हात लावलेला असतो.

इथे अनेक जण फसतात. काउचडीबी आवृत्त्यांना क्रमांक देतो म्हणून तो जुना मजकूर कायम सांभाळेल असे वाटते. तसे नाही. ते क्रमांक तंटे ओळखण्यासाठी आहेत, इतिहास जपण्यासाठी नाहीत. जागा वाचवण्यासाठी डेटाबेसची साफसफाई होते, तेव्हा फांद्यांची टोके राहतात, हरलेलीसुद्धा. पण मधल्या पिढ्यांचा मजकूर निघून जातो आणि उरतात फक्त त्यांचे क्रमांक. तंटा सोडवायला बसावे तेव्हा चौथी पिढी गेलेली असू शकते. वडिलार्जित जमिनीच्या वाटणीचा वाद निघावा आणि मूळ कागदच सापडू नये, तशी गत. म्हणून ‘विचारले नाही’, ‘विचारले, ॲलर्जी नाही’ आणि ‘ॲलर्जी आहे’ ही तीन उत्तरे रकान्यातच वेगळी ठेवणे शहाणपणाचे. रिकाम्या जागेला अर्थ द्यायची वेळच येऊ नये.

काही तंटे तरीही उरतात. एकीने जन्मतारीख ३ मार्च लिहिली, दुसरीने १३ मार्च. कुठल्याही गणिताने हे सुटणार नाही. लसीकरणाच्या तारखा त्यावर अवलंबून आहेत, आणि सरासरी काढून ८ मार्च करणे हा तर निव्वळ वेडेपणा. इथे कोणीतरी त्या घरी जाऊन कार्ड पाहायला हवे. तंटा सुटला, की ॲपने दोन गोष्टी करायच्या असतात: ठरलेला मजकूर विजेत्या फांदीवर नवी पिढी म्हणून लिहायचा, आणि हरलेल्या फांदीच्या टोकावर खोडल्याची खूण ठेवायची. ही खूण राहून गेली तर तंटा कागदोपत्री चालूच राहतो. आणखी एक मजेशीर अडचण आहे. नेट नसलेल्या दोन फोनवर दोन पर्यवेक्षकांनी तोच तंटा वेगवेगळ्या रीतीने सोडवला, तर त्या दोन निकालांचाच नवा तंटा उभा राहतो. म्हणून निवाड्याचे काम शक्यतो एकाच ठिकाणी, सर्व्हरजवळ करतात.

अनुभवी मंडळी याही पुढे जातात आणि तंटा उद्भवेल अशी मांडणीच टाळतात. पेढीवर रोजकीर्द आणि खतावणी अशा दोन वह्या असत. रोजकीर्दीत घडले तसे, घडले त्या दिवशी लिहायचे आणि जुन्या ओळीला हात लावायचा नाही. कोणाकडे किती बाकी, हे खतावणीत त्यावरून मांडायचे. कम्युनिटी हेल्थ टूलकिटमध्ये घरभेटीचा अर्ज भरला की बाळाच्या मुख्य नोंदीत खाडाखोड न होता त्या भेटीची एक नवी, स्वतंत्र नोंद तयार होते, ती याच धर्तीवर. दोन स्वयंसेविकांच्या दोन भेटी म्हणजे दोन वेगळ्या नोंदी. त्यांच्यात तंटा होण्याचा प्रश्नच येत नाही. बाळाची आजची स्थिती त्या सगळ्या नोंदी वाचून काढायची. कागदी केसपेपरचाही जुना नियम हाच आहे: चुकलेले खरवडून काढू नये, त्यावर एकच रेघ मारावी, शेजारी बरोबर ते लिहावे आणि सही-तारीख घालावी.

तरी नाव, जन्मतारीख, फोन नंबर, ॲलर्जी असे काही रकाने मुख्य नोंदीत राहतातच, आणि तिथे तंटे होतात. अशा वेळी ॲपने काय दाखवावे, हा प्रश्न प्रोग्रॅमरइतकाच डॉक्टरचाही आहे, पण तो बहुधा डॉक्टरला विचारला जात नाही. आपल्या बाळाच्या बाबतीत त्याचे उत्तर अवघड नव्हते. तिसऱ्या दिवशी बाळाला ताप आला आणि केंद्रातल्या डॉक्टरने नोंद उघडली, तर वर एक पिवळी पट्टी हवी: या नोंदीच्या दोन आवृत्त्या आहेत, एकीत पेनिसिलिनची ॲलर्जी लिहिली आहे, घरभेटीत, आईने सांगितल्यावरून. आई समोरच बसलेली असते. एक प्रश्न विचारायला अर्धा मिनिट लागतो.